उजनीचं पाणी आणि गाण्यातलं जग

‘सैराट’मधली चारही गाणी पूर्वार्धातच संपतात. ‘याड लागलं’, ‘आताच बया का बावरलं’, ‘सैराट झालं जी’ आणि ‘झिंगाट’. २९ एप्रिल २०१६ ला प्रदर्शित झालेला हा चित्रपट जवळपास तीन तासांचा आहे. ‘झिंगाट’ संपल्यावर नायिका अर्ची आणि नायक परशा पकडले जातात, पळतात, हैदराबादला पोचतात, झोपडपट्टीतल्या खोलीत राहतात, भांडतात, दुरावतात, पुन्हा जवळ येतात, त्यांना मूल होतं. एवढ्या सगळ्या आयुष्याच्या वाट्याला एकही गाणं आलेलं नाही. शेवटच्या प्रसंगात तर आवाजसुद्धा काढून घेतला आहे. उत्तरार्ध रेंगाळतो, अशी तक्रार तेव्हा बरीच ऐकू आली होती. मला मात्र वाटतं की त्या तक्रारीतच दिग्दर्शक नागराज मंजुळे यांचा हेतू सफल झालेला दिसतो. गाण्यांच्या जगात दीड तास राहिलेल्या माणसाला गाण्याविना जगणं जड जातंच, आणि ते जड जावं अशीच रचना आहे.

मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. ‘पिस्तुल्या’, ‘फँड्री’, ‘सैराट’ हे सगळं सोलापूर जिल्ह्याच्या उत्तरेकडच्या या माळरानातून आलेलं. गाण्याचा व्हिडिओ कसा वाचावा, त्यातलं आधुनिक, चकचकीत, बेतलेलं जग कसं ओळखावं, हे शिकायला याहून चांगली शाळा मला ठाऊक नाही. यातली गाणीही पूर्णपणे बेतलेलीच आहेत, आणि तरी ती खोटी वाटत नाहीत. असं का होतं, ते नीट पाहायला हवं.

सुरुवात ‘याड लागलं’पासून करू. परशा होडीत असतो. अर्ची विहिरीवर आल्याचं कळतं, तसा तो पाण्यात उडी घेतो, काठाला लागतो आणि धावत सुटतो. ती धाव संथ गतीत आहे. मागे व्हायोलिनांचा ताफा वाजतो, आणि ते वादन लॉस एंजलिसच्या स्टुडिओत तिथल्या वादकांकडून ध्वनिमुद्रित करून घेतलेलं आहे. म्हणजे करमाळ्याच्या रानातून अनवाणी पळणाऱ्या पोराला हॉलिवूडच्या चित्रपटांसाठी वाजवणारे वादक साथ करतात. यापेक्षा बेतलेलं काय असणार?

संथ गतीचं तंत्र सोपं आहे. सिनेमाचा कॅमेरा साधारणपणे सेकंदाला २४ चित्रं टिपतो आणि पडद्यावर तेवढीच दिसतात. कॅमेऱ्यानं ४८ टिपली आणि ती २४ च्या गतीनं दाखवली, तर एका सेकंदाची हालचाल दोन सेकंद चालते. गाण्यात त्यामुळे एक अडचण येते. कलाकार गात असेल तर त्याचे ओठही निम्म्या गतीनं हलतात, आणि गाणं तर मूळ लयीत वाजायला हवं. म्हणून चित्रीकरणाच्या जागी गाणं दुप्पट वेगानं वाजवतात. कलाकार त्या घाईच्या गाण्याशी ओठ जुळवतो. नंतर चित्र संथ केलं की ओठ गाण्याला बरोबर बसतात, पण केस, ओढणी, धूळ, पाण्याचे थेंब सगळं तरंगत राहतं. ‘ती अशी काय स्वप्नात असल्यासारखी चालते?’ असा प्रश्न एखाद्या गाण्यात पडला असेल, तर त्याचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं.

हेच तंत्र एका अगदी वेगळ्या कामासाठी वापरलेलं पाहायचं असेल तर इंग्लंडच्या ‘रेडिओहेड’ या बँडचं ‘नो सरप्रायझेस’ पाहावं. १९९७ च्या ‘ओके कम्प्युटर’ या अल्बममधलं हे गाणं. व्हिडिओ ग्रँट जी यांनी केला. त्यात फक्त एक चेहरा आहे. गायक थॉम यॉर्क यांच्या डोक्याभोवती काचेचं शिरस्त्राण, आणि त्यात पाणी चढत जातं. हनुवटी, ओठ, नाक, डोळे बुडतात. गाणं थांबल्यासारखं होतं. बराच वेळ तो माणूस श्वास रोखून असतो. मग पाणी भसकन उतरतं आणि तो पुन्हा गाऊ लागतो. गाण्याचा विषय आहे माणसाला आतून झिजवणारी नोकरी, नीटनेटकं घर आणि कुठलाच धक्का नसलेलं आयुष्य. पाण्याखालचा वेळ प्रत्यक्षात कमी राहावा म्हणून त्या भागाचं चित्रीकरण गाणं वेगानं वाजवून केलं आणि नंतर चित्र संथ केलं. परशाच्या धावेत वेळ लांबतो, कारण त्याला तो क्षण संपायला नको आहे. यॉर्क यांच्या शिरस्त्राणात वेळ लांबतो तेव्हा पाहणाऱ्याचा जीव गुदमरतो. तंत्र एकच, पण एकात आयुष्य उघडतं आणि दुसऱ्यात मिटतं.

म्हणून संथ गती, ड्रोन, रंगरंगोटी दिसली की ‘हे सगळं कृत्रिम’ म्हणून हात झटकू नये. कृत्रिम तर सगळंच असतं. ते कुणाच्या बाजूनं उभं केलं आहे, हे शोधावं.

आता त्या पाण्याकडे परत येऊ, कारण मला या गाण्यांमध्ये सगळ्यात जास्त अर्थ त्या पाण्यात दिसतो. करमाळा तालुक्याच्या कडेला पसरलेलं हे पाणी म्हणजे उजनी धरणाचा फुगवटा. भीमा नदीवरचं हे धरण १९८० मध्ये पूर्ण झालं, आणि त्याची साठवणक्षमता सुमारे ११७ टीएमसी आहे. त्यासाठी सोलापूर, पुणे आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांतली कितीतरी गावं पाण्याखाली गेली. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की इंदापूरकडच्या बाजूला पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं आणि लोक होडीनं पाहायला जातात. पूर्वी या भागाची ओळख होती ज्वारी, कुसळं आणि दुष्काळ. धरणानंतर उसाचे फड उभे राहिले, कंदरची केळी परदेशी जाऊ लागली, साखर कारखाने आले आणि कारखान्यांबरोबर कारखान्यांचं राजकारण आलं. अर्चीच्या वडिलांसारखा पाटील त्याच पाण्यावर मोठा झालेला असतो. अर्ची ट्रॅक्टर चालवते, बुलेटवरून कॉलेजला येते, ते याच पैशातून. परशाचं घर त्याच पाण्यात मासे धरतं.

गाण्यातला निसर्ग पाहून मुंबई-पुण्याचे प्रेक्षक म्हणाले, काय सुंदर गाव आहे! गाव सुंदर आहेच. पण ते हिरवेपण गेल्या ४० वर्षांत आणलेलं आहे, आणि ते कुणाच्या वाट्याला किती आलं हे जातीनं आणि जमिनीनं ठरवलं. एकाच पाण्याच्या काठावर एक वाडा आणि एक कोळ्याची होडी आहे. चित्रपट हे तोंडानं सांगत नाही. गाण्यात दोन्ही एकाच सुंदर प्रकाशात दाखवतो. पहिल्यांदा पाहताना आपण प्रकाश पाहतो, दुसऱ्यांदा पाहताना अंतर दिसू लागतं.

‘झिंगाट’च्या बाबतीत तर आपण सगळ्यांनीच मोठी गफलत केली आहे असं मला मनापासून वाटतं. गेल्या दहा वर्षांत हे गाणं वाजलं नाही अशी वरात, हळद किंवा गणपतीची मिरवणूक महाराष्ट्रात शोधून सापडणार नाही. पण चित्रपटात ही मुलं नाचतात ती प्रिन्सच्या वाढदिवसाला. प्रिन्स म्हणजे अर्चीचा भाऊ, पाटलाचा मुलगा. वर्गात शिकवायला आलेल्या दलित शिक्षकाच्या थोबाडीत मारणारा. आणि शेवटी बहिणीच्या घरी आईनं दिलेल्या वस्तूंच्या पिशव्या घेऊन येणारा तोच. गावातली पोरं त्याच्या वाढदिवसाला, त्याच्या खर्चानं, त्याच्या अंगणात बेभान होतात. मेजवानी देणारा आणि अर्ची-परशाचा जीव घेणारा एकच.

यूट्यूबवर गाणं सुटं झालं आणि वाढदिवस गळून पडला. उरला तो फक्त ठेका. व्हिडिओ वाचताना हे पहिलं लक्षात ठेवावं, की चित्रपटातून कापून काढलेलं गाणं मूळ गाणं राहत नाही. २०१८ मध्ये अमेरिकेत डोनाल्ड ग्लोव्हर ऊर्फ चाइल्डिश गॅम्बिनो यांचा ‘धिस इज अमेरिका’ हा व्हिडिओ आला, दिग्दर्शक हिरो मुराई. त्यात पुढे गायक शाळकरी मुलांबरोबर मजेत नाचतो आणि मागे, थोडं धूसर, माणसं पळतात, गाड्या जळतात, दंगल चालू असते. पाहणाऱ्याची नजर नाचावरून हलत नाही, आणि नेमकं तेच व्हिडिओला दाखवायचं आहे. तिथं दिग्दर्शकानं पुढचं आणि मागचं एकाच चौकटीत ठेवलं आहे. ‘झिंगाट’मध्ये मागचं जग गाण्याच्या आधी आणि नंतर आहे. चौकट लहान केली की ते अदृश्य होतं.

त्याच गाण्यात एक गोष्ट मात्र सुट्या व्हिडिओतही टिकून राहते. परशाचा मित्र लंगड्या नाचतो. दुसरा मित्र सल्या नाचतो. प्रत्येकाचं अंग वेगळ्या तऱ्हेनं हलतं, कुणी तालात, कुणी तालाच्या पुढे. २०१८ च्या ‘धडक’मध्ये हेच गाणं हिंदीत आलं. गाव उदयपूर, निर्मिती धर्मा प्रॉडक्शन्सची. तिथं नाच नीट बसवलेला आहे, रांगा सरळ आहेत, कपड्यांचे रंग एकमेकांना शोभतील असे निवडलेले आहेत. चाल तीच, ठेका तोच. पण सगळी अंगं एकसारखी हलू लागली की त्या घोळक्यातलं माणूसपण पातळ होतं. गंमत म्हणजे उदयपूरचा पिछोला तलावसुद्धा उजनीसारखाच माणसानं बांधलेला, चौदाव्या शतकातला. त्याच्या काठावर राजवाडे आहेत, म्हणून तो कॅमेऱ्यात आपोआप देखणा येतो. उजनीच्या काठाला देखणं करायला सुधाकर रेड्डी यक्कंटी यांच्यासारखा छायालेखक लागतो, आणि तिथले लोक रोज काय पाहतात हे ठाऊक असलेला दिग्दर्शक.

‘फँड्री’च्या गाण्याची गोष्ट याहून बोलकी आहे. चित्रपट महाराष्ट्रात प्रदर्शित झाला १४ फेब्रुवारी २०१४ ला, म्हणजे व्हॅलेंटाइन डेला. त्याआधी संगीतकार अजय-अतुल यांचं प्रीतीच्या विंचवाचं गाणं सगळीकडे वाजत होतं. हे गाणं चित्रपटात नाही. ते केवळ प्रसिद्धीसाठी केलेलं होतं. गाणं ऐकून गोड प्रेमकथा पाहायला आलेल्या माणसाला आत भेटला जब्या. त्याला जीन्सची पँट हवी आहे, गोरं दिसायचं आहे, वर्गातल्या शालूच्या नजरेत भरायचं आहे, आणि त्याच्या वाट्याला गावातली डुकरं पकडण्याचं काम येतं. जाहिरातीनं दाखवलेलं स्वप्न आणि जब्याच्या मनातलं स्वप्न एकच होतं. तोही त्याच गाण्यांवर वाढलेला मुलगा. म्हणून ही प्रसिद्धी मला फसवणूक वाटत नाही. प्रेक्षकाला दोन तास जब्याच्या जागी बसवायची ती योग्य वाट होती.

त्या चित्रपटात जत्रेच्या मिरवणुकीचा एक प्रसंग आहे. जब्या रंगात येऊन नाचत असतो. बाप त्याला नाचातून ओढून काढतो आणि त्याच्या डोक्यावर दिवा देतो. बाकीचे नाचतात, हा उजेड धरून उभा राहतो. गाण्याचा व्हिडिओ पाहताना मला हा प्रसंग नेहमी आठवतो, कारण प्रत्येक चकाकत्या चौकटीच्या बाहेर कुणीतरी उजेड धरून उभं असतं. १९८५ मध्ये ‘डायर स्ट्रेट्स’ या ब्रिटिश बँडनं ‘मनी फॉर नथिंग’मध्ये नेमकं हेच चौकटीत आणलं. एमटीव्ही ही गाण्यांच्या व्हिडिओंची वाहिनी अमेरिकेत १ ऑगस्ट १९८१ ला सुरू झाली होती आणि चार वर्षांत तिनं गायकांना राजे करून टाकलं होतं. मार्क नॉफ्लर यांनी न्यूयॉर्कमधल्या घरगुती उपकरणांच्या दुकानात एका कामगाराला टीव्हीवरच्या गायकांबद्दल बोलताना ऐकलं आणि त्यावरून गाणं लिहिलं. व्हिडिओत दुकानाचे हमाल संगणकानं काढलेले आहेत, चौकोनी ठोकळ्यांसारखे, ओझी उचलणारे. ती वाहिनी ज्यांच्या घरात पोचवायला हे लोक टीव्ही वाहून नेत होते, त्यांच्यासाठी ते खरोखरच ठोकळे होते.

आपल्या सोलापुरात हे समजावून सांगावं लागत नाही. पूर्व भागात यंत्रमागाच्या खडखडाटात मोबाइलवर गाणी लावलेली असतात, बरीचशी तेलुगू. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली कुटुंबांनी या शहराचा मागाचा धंदा उभा केला, त्यांच्या घरातल्या बायांनी विड्या वळून संसार चालवले. म्हणून ‘सैराट’मधलं हैदराबाद सोलापूरकराला परकं वाटत नाही. ज्या दिशेनं माणसं पोटासाठी इकडे आली, त्याच दिशेनं अर्ची-परशा जीव वाचवायला गेले. तिथं त्यांना आसरा देणारी सुमनअक्का डोशाच्या गाड्यावर परशाला काम देते, अर्ची बाटल्यांच्या कारखान्यात लागते. पट्ट्यावरून सारख्या बाटल्या सरकत जातात, ट्रॅक्टर चालवणारी मुलगी त्यांच्यासमोर उभी असते. आधुनिक जगण्याचं यंत्रासारखं रूप दाखवायला इंग्रजी बँडना सुपरमार्केट, काचेची घरं, प्लास्टिकची झाडं लागतात. इथं एक पट्टा आणि त्यामागचा अर्चीचा चेहरा पुरतो, आणि मागे एकही व्हायोलिन नाही.

गेल्या काही वर्षांत गाण्याचा व्हिडिओ आपल्या घरात शिरला आहे, आणि त्याकडे आपण पुरेसं लक्ष दिलेलं नाही. लग्न ठरलं की प्री-वेडिंग शूट होतं. उजनीचा काठ, सिद्धेश्वर तलाव, नळदुर्गचा किल्ला, थंडीत भिगवणकडे फ्लेमिंगो येतात तिथला परिसर. भल्या सकाळी काठावर गेलं तर पाहायला मिळतं. नवरीनं भाड्यानं आणलेला लांब घोळाचा गाऊन घातलेला, मागून बहीण किंवा मैत्रीण तो चिखलातून उचलून धरते आणि ‘रोल’ म्हटलं की सोडून पळते. कुणाच्या तरी ओळखीनं आणलेली बुलेट. रंगीत धुराच्या कांड्या. फोटोग्राफरच्या ब्लूटूथ स्पीकरवर हिंदी गाणं, आणि तेही पळतं लावलेलं, वर सांगितलेल्याच कारणासाठी. वर ड्रोन भिरभिरतो. पाइप, पाण्याच्या मोटारीची पेटी, विजेचे खांब चौकटीत येऊ नयेत म्हणून नवरा-नवरीला डावीकडे सरकवलं जातं. ऊस, केळी आणि हे लग्नही ज्या पैशावर उभं आहे, तो पैसा ज्या मोटारीनं आणला, तीच चौकटीतून बाहेर काढली जाते.

या शूटची चेष्टा करणं सोपं आहे आणि मला ती अजिबात पटत नाही. ज्या मुलीला लग्नाआधी होणाऱ्या नवऱ्याशी चार शब्द मोकळेपणानं बोलायला मिळत नाहीत, तिला शूटच्या निमित्तानं एक अख्खा दिवस मिळतो. वडीलधारे हे शूट चालवून घेतात, कारण ते आता रिवाजात बसलं आहे. खानदानाच्या चौकटीत कुठेतरी श्वास घ्यायला जागा करणारी ही कृत्रिमता आहे. माझा आक्षेप एवढाच की सगळ्या जोड्या एकाच जोडीसारख्या दिसू लागतात, आणि ती जोडी मुंबईतल्या कुठल्यातरी व्हिडिओतून आलेली असते.

संजू राठोड यांच्या २०२४ मधल्या ‘गुलाबी साडी’कडे या दृष्टीनं पाहण्यासारखं आहे. जळगाव जिल्ह्यातल्या बंजारा समाजातून आलेला हा मुलगा, कुठल्या मोठ्या चित्रपटाशिवाय गाणं काढतो आणि ते देशभर वाजतं. गाण्याचा विषयच फोटो काढून घेण्याची हौस आहे. साडी नेसलेली बाई आरशात नाही, मोबाइलच्या कॅमेऱ्यात स्वतःला पाहते आणि नवऱ्यानं आपला फोटो काढावा असा हट्ट धरते. कॅमेरा लपवलेला नाही, हौस लपवलेली नाही. आजच्या जगण्यातली सगळी बनवाबनवी त्यात उघड आणि आनंदी आहे, म्हणून ते गाणं मला स्वच्छ वाटतं. लग्नात त्यावर आजीसुद्धा नाचते ते उगाच नाही.

ज्यांच्या घरी या हंगामात लग्न आहे त्यांना एक सुचवतो. शूट झाल्यावर तीन मिनिटांचा तयार व्हिडिओ मिळतो. त्याबरोबर कच्चं फुटेजही मागून घ्या. पैसे ठरवतानाच तसं बोलून ठेवा, नाहीतर कार्ड पुसून पुढच्या शूटला वापरलं जातं. त्यात गाऊन सोडून पळणारी बहीण सापडेल, बुलेट चालू होत नाही म्हणून धक्का मारणारे मित्र सापडतील, ‘आता हसा’ म्हटल्यावर खरोखर हसू आलेली नवरी सापडेल, मागे चालू असलेल्या मोटारीचा आवाज सापडेल. कदाचित होडीतून जाळं टाकणारा एखादा मुलगाही, फोटोग्राफरनं हात करून बाजूला व्हायला सांगितलेला.